अंश आणि रेडियन एकाच तबकडीवर: प्रकल्पाच्या नोंदी

कामाचे स्वरूप

प्लायवूडच्या तबकडीवर २०० मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे, त्याच्या बाहेरच्या अंगाला ० ते ३६० अंशांच्या आणि आतल्या अंगाला ० ते ६.२८ रेडियनच्या खुणा करायच्या, मध्यभागी स्टेपर मोटरवर (ठरावीक लहान पावलांनी फिरणाऱ्या मोटरवर) एक काटा बसवायचा, आणि अंशांत किंवा रेडियनमध्ये संख्या दिली की काटा त्या कोनावर जाऊन थांबला पाहिजे, असे हे काम आहे. रूपांतराचे सूत्र एका ओळीत मावते. अंशांना पायने (π) गुणून १८० ने भागले की रेडियन मिळतात, आणि रेडियनना १८० ने गुणून पायने भागले की अंश मिळतात. हे सूत्र काम सुरू करण्यापूर्वीही मला पाठ होते, तरीही या कामातील जवळजवळ निम्मा वेळ त्याच सूत्राभोवतीच्या चुका शोधण्यात गेला. ज्यांना अशी तबकडी करायची असेल त्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून या नोंदी आहेत.

४ ऑक्टोबर

पहिली चकती जिगसॉने कापली. रेडियन म्हणजे त्रिज्येएवढ्या लांबीच्या कंसाने केंद्राशी केलेला कोन, तेव्हा २०० मिलिमीटर लांबीची पट्टी कडेवर सहा वेळा लावून टोकांशी खुणा केल्या की सहा रेडियन हाती येतील, असा सरळ विचार केला होता. परीघ १२५६.६ मिलिमीटर असल्यामुळे सहाव्या खुणेपासून पहिल्या खुणेपर्यंत ५६.६ मिलिमीटर उरायला हवे होते. प्रत्यक्षात ६१ मिलिमीटर उरले.

सव्वाचार मिलिमीटरहून अधिक फरक म्हणजे सव्वा अंशाची चूक, आणि तबकडीसाठी ती फारच मोठी आहे. पट्टी पुन्हा मोजली, पण तिची लांबी बरोबर होती. संध्याकाळपर्यंत कारण सापडले नाही.

५ ऑक्टोबर

कारणे दोन निघाली. पहिले असे की जिगसॉने कापलेली कड खरे वर्तुळ नव्हती. केंद्रापासून बारा ठिकाणी मोजल्यावर त्रिज्या कुठे १९९.५ तर कुठे २०१ मिलिमीटर भरली आणि सरासरी सुमारे २००.२ आली, त्यामुळे परीघ सव्वा मिलिमीटरने वाढला होता.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते कोणाच्याही हातून घडू शकते. पट्टी १ मिलिमीटर जाड पुठ्ठ्याची होती. पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली बाजू आकसते आणि फक्त मधला थर आपली मूळ लांबी राखून असतो. तो मधला थर कडेपासून अर्धा मिलिमीटर बाहेर होता. कडेला चिकटलेली आतली बाजू त्यामुळे २०० ऐवजी १९९.५ मिलिमीटर झाली. दर वेळी अर्धा मिलिमीटर, सहा वेळा मिळून ३ मिलिमीटर. दोन्ही कारणांची बेरीज मोजलेल्या फरकाशी जवळजवळ जुळली.

पातळ कागदाची पट्टी वापरली असती तर दुसरी चूक जवळजवळ नाहीशी झाली असती, परंतु कडेच्या वाकडेपणावर त्याने उपाय झाला नसता. ही चकती बाजूला ठेवली. नवी चकती ४४० मिलिमीटर व्यासाची कापायची, तिच्यावर २०० मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ रेखायचे आणि सर्व खुणा त्या रेघेवर करायच्या असे ठरवले. म्हणजे कड थोडी वाकडी असली तरी मापनाशी तिचा संबंध राहणार नाही. एक चकती आणि सुमारे पाच तास वाया गेले.

८ ऑक्टोबर

लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिल बसवून मोठे कर्कटक तयार केले आणि नव्या चकतीवर वर्तुळ काढले. रेघेवर पट्टी गुंडाळता येत नाही, म्हणून आता कंसाऐवजी जीवा मोजायची होती. जीवेची लांबी म्हणजे त्रिज्येची दुप्पट गुणिले निम्म्या कोनाची साइन. एक रेडियनसाठी निम्मा कोन ०.५, म्हणून कॅल्क्युलेटरवर ४०० गुणिले साइन ०.५ केले. उत्तर ३.४९ मिलिमीटर आले.

ही लांबी अशक्य आहे हे आकृतीवरूनच दिसत होते, कारण २०० मिलिमीटरच्या कंसाची जीवा त्याहून थोडीच लहान असणार. कॅल्क्युलेटर अंशांच्या स्थितीत होता आणि त्याने ०.५ ही संख्या अर्धा अंश मानली होती. स्थिती बदलल्यावर १९१.७७ मिलिमीटर हे योग्य उत्तर मिळाले. चूक दोन मिनिटांत सापडली, पण ३.४९ ही संख्या मी वहीत लिहून ठेवली, कारण ती कोणत्या तरी प्रश्नाचे बरोबर उत्तर असली पाहिजे असे वाटले. तशी ती होतीच. या वर्तुळावर एक अंशाची जीवा बरोबर तेवढी असते.

१९१.८ मिलिमीटरवर कर्कटक लावून सहा खुणा केल्या. जीवेतील ०.०३ मिलिमीटरची वाढ सहा वेळा साठून कंसावर ०.२ मिलिमीटर होते. पेन्सिलीच्या रेघेची जाडीच तेवढी असल्याने ती मान्य केली.

१२ ऑक्टोबर

आज अंशांच्या खुणा करायला घेतल्या. त्रिज्येएवढी जीवा ६० अंशांचा कोन करते, म्हणून कर्कटक २०० मिलिमीटरवर ठेवून वर्तुळाचे सहा भाग केले आणि ते दोनदा दुभागून १५ अंशांच्या चोवीस खुणा मिळवल्या. यापुढे दुभागून काम होत नाही. म्हणून प्रत्येक पंधरा अंशांच्या खुणेपासून १ ते ७ अंश दोन्ही बाजूंना मोजण्यासाठी स्प्रेडशीटमध्ये जीवांचा तक्ता तयार केला.

तक्त्याच्या पहिल्याच ओळीत, १ अंशापुढे, १९१.७७ ही लांबी आली. ७ अंशांपुढे तर उणे १४०.३ मिलिमीटर, म्हणजे ऋण लांबी आली. चार दिवसांपूर्वीचीच चूक उलट दिशेने झाली होती. कॅल्क्युलेटर रेडियनला अंश समजला होता, तर स्प्रेडशीटमधील साइन अंशांना रेडियन समजत होती. तेव्हा १९१.७७ हवे असताना ३.४९ मिळाले होते आणि आज ३.४९ हवे असताना १९१.७७ मिळाले. स्प्रेडशीटमधील आणि जवळजवळ सर्व प्रोग्रामिंग भाषांमधील साइन, कोसाइन आणि टॅन ही फलने नेहमी रेडियनच घेतात, आणि तेथे कॅल्क्युलेटरसारखी स्थिती बदलण्याची कळ नसते. कोन आधी रेडियनमध्ये बदलून मगच साइनकडे द्यावा लागतो.

या दोन चुकांनंतर मी एक साधी चाचणी ठरवली. कोणत्याही नव्या साधनावर काम सुरू करण्यापूर्वी ०.०१ ची साइन काढून पाहायची. रेडियनमध्ये लहान कोनाची साइन जवळजवळ त्या कोनाएवढीच असते, म्हणून उत्तर ०.००९९९९८ असे आले तर साधन रेडियन घेते, आणि ०.०००१७४५ आले तर अंश घेते. शून्याची साइन काढून ही चाचणी होत नाही, कारण शून्य अंश आणि शून्य रेडियन एकच आहेत आणि दोन्हीकडे उत्तर शून्यच येते.

१३ ऑक्टोबर

तक्त्यात पायची किंमत ३.१४ भरलेली आहे हे आज लक्षात आले. रेडियनच्या खुणा जीवेने केल्या होत्या, त्या तपासण्यासाठी अंशांतील किमती काढल्या. एक रेडियन ५७.३२५ अंश आला, तर सहाव्या रेडियनपर्यंत ३४३.९५ अंश झाले. खरी किंमत ३४३.७७ आहे. हा ०.१७ अंशाचा फरक वर्तुळावर ०.६ मिलिमीटर दिसतो आणि तो डोळ्यांना खुपतो. २२ भागिले ७ घेतल्यास फरक उलट दिशेने जवळजवळ अर्धा मिलिमीटर पडतो, म्हणजे त्यानेही फारसे सुधारत नाही.

आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आहे, म्हणजे पाय ३.१४१६. तीच किंमत घालून पाहिली तर सहा रेडियनला फरक अंशाच्या हजाराव्या भागाहून कमी, आणि वर्तुळावर ०.००३ मिलिमीटर पडला. म्हणजे पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीचा सुमारे सत्तरावा भाग. हाताने करायच्या तबकडीसाठी चार दशांश स्थळे पुरेशी आहेत याची यामुळे खात्री पटली, तरी स्प्रेडशीटमध्ये पायचे फलन उपलब्ध असताना संख्या हाताने लिहिण्याचे कारण नाही, म्हणून ते फलनच वापरले.

वहीत आता कायमचा असलेला तक्ता असा: १ रेडियन ५७.२९६ अंश, २ रेडियन ११४.५९२, ३ रेडियन १७१.८८७, ४ रेडियन २२९.१८३, ५ रेडियन २८६.४७९, ६ रेडियन ३४३.७७५ अंश. मधल्या दशांश रेडियनच्या खुणा वर्तुळावर बरोबर २० मिलिमीटरच्या कंसावर येतात, आणि रेडियनचे मला आवडलेले वैशिष्ट्य हेच आहे की कंसाची लांबी काढण्यासाठी कोनाला त्रिज्येने गुणण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

१५ ऑक्टोबर

दोन किरकोळ पण वेळखाऊ चुका.

एका उधारीच्या कॅल्क्युलेटरवर ३० ची साइन ०.४५४ आली. अंशांत ०.५ यायला हवी होती, रेडियनमध्ये उणे ०.९८८. कॅल्क्युलेटर तिसऱ्याच स्थितीत, ग्रेडियनमध्ये होता. त्यात काटकोनाचे १०० भाग असतात, म्हणून ३० ग्रेडियन म्हणजे २७ अंश. ही चूक रेडियनच्या चुकीपेक्षा फसवी आहे, कारण उत्तर खऱ्या उत्तराच्या आसपास असते आणि चटकन संशय येत नाही. तक्त्यातील नऊ किमती पुन्हा काढाव्या लागल्या.

दुसरी चूक अंश, मिनिटे, सेकंद या लिखाणातली. एक रेडियन म्हणजे ५७ अंश १७ मिनिटे ४५ सेकंद हे टिपण मी ५७.१७४५ असे स्प्रेडशीटमध्ये भरले. मिनिटे साठाने आणि सेकंद छत्तीसशेने भागून मिळवायला हवे होते, म्हणजे ५७.२९५८. फरक ०.१२ अंशाचा. मिनिटांना आणि सेकंदांना आपल्याकडील ज्योतिषग्रंथांत कला आणि विकला म्हणतात, आणि या हिशेबात एक रेडियन ३,४३७.७५ कला होतो. आर्यभटाने ‘ज्या’च्या (त्रिज्येने गुणलेल्या साइनच्या) सारणीसाठी त्रिज्या ३,४३८ धरली ती याच कारणाने: परिघाच्या २१,६०० कला धरल्या की त्रिज्या कलांच्याच मापात तेवढी येते. त्याची पहिली ज्या २२५ कलांच्या कंसासाठी २२५ च आहे. माझी ०.०१ ची चाचणी ज्या गुणधर्मावर उभी आहे तोच तो गुणधर्म, लहान कोनात ज्या आणि कंस सारखे असतात. ४९९ सालच्या गणिताची आणि माझ्या वहीची अशी गाठ पडल्याने त्या दिवशी फार समाधान वाटले.

ऋण कोनांबाबत एक सावधगिरी येथेच नोंदवतो. उणे ० अंश ३० मिनिटे हा कोन भरताना अंशांच्या रकान्यात उणे शून्य लिहिले तर पूर्णांकात ते नुसते शून्य होते आणि चिन्ह नाहीसे होते. चिन्ह स्वतंत्र रकान्यात ठेवले की हा प्रश्न उरत नाही.

१९ ऑक्टोबर

मोटर बसवली. तिची एक फेरी २०० पावलांत पूर्ण होते आणि ड्रायव्हर (मोटरला विद्युतप्रवाह देणारे मंडल) प्रत्येक पावलाचे १६ सूक्ष्म भाग करतो, म्हणजे एका फेरीची ३,२०० पावले. दिलेल्या अंशांना ३,२०० भागिले ३६० ने गुणून पावले काढायची असा प्रोग्राम मायक्रोकंट्रोलरवर (मोटर चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपवर) चढवला आणि ३६० अंशांची आज्ञा दिली. काटा ३२४ अंशांवर थांबला.

आधी मोटर पावले चुकवते आहे असे वाटले. ड्रायव्हरचा विद्युतप्रवाह वाढवला, वेग कमी केला, काट्याचे वजन कमी केले. दीड तासानंतर ९० अंशांची आज्ञा देऊन पाहिली तेव्हा काटा ८१ वर थांबला, १८० ला १६२ वर. पावले चुकत असतील तर चूक इतकी नेमक्या प्रमाणात येणार नाही, त्यामुळे दोष हिशेबात आहे हे उघड झाले. या प्रोग्रामच्या भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणून ३,२०० भागिले ३६० हे ८.८९ ऐवजी ८ झाले होते. ८ गुणिले ३६० म्हणजे २,८८० पावले, आणि २,८८० पावले म्हणजे ३२४ अंश.

२० ऑक्टोबर

दुरुस्ती म्हणून क्रम बदलला: आधी कोन गुणिले ३,२००, नंतर ३६० ने भाग. ५ अंशांवर आणि १० अंशांवर काटा बरोबर गेला. ११ अंश सांगितल्यावर मात्र तो उलट दिशेला, उणे साडेनऊ अंशांच्या जवळ गेला.

या मायक्रोकंट्रोलरवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. १० गुणिले ३,२०० म्हणजे ३२,००० मर्यादेत बसते, ११ गुणिले ३,२०० म्हणजे ३५,२०० बसत नाही, आणि ती संख्या उणे ३०,३३६ होऊन बसते. तिला ३६० ने भागले की उणे ८४ पावले येतात, आणि काटा जिथे गेला होता तिथेच तो त्या हिशेबाने जायला हवा होता. ३२ बिटांचा पूर्णांक वापरल्यावर सर्व कोन बरोबर आले. कालचा दोष काढताना आजचा आत आला. मी फक्त ५ आणि १० अंश तपासून थांबलो असतो तर तो तसाच राहिला असता.

२३ ऑक्टोबर

आता रेडियनमधील आज्ञा. एका रेडियनची पावले ५०९.२९६ होतात, आणि अपूर्णांक पाऊल मोटर टाकू शकत नाही. दर आज्ञेला एक रेडियन पुढे जायचे अशा ४४ आज्ञा दिल्या. ४४ हा आकडा मुद्दाम निवडला, कारण ४४ रेडियन म्हणजे जवळजवळ सात पूर्ण फेऱ्या होतात आणि काटा शून्याच्या पुढे १ अंशावर थांबायला हवा. तो शून्याच्या मागे अर्ध्या अंशावर थांबला.

प्रत्येक आज्ञेत प्रोग्राम ०.२९६ पाऊल सोडून देत होता. ४४ आज्ञांत १३ पावले, म्हणजे दीड अंश, म्हणजे तबकडीवर ५ मिलिमीटर. अंशांच्या आज्ञांत हे फारसे जाणवले नव्हते कारण ४५ अंश, ९० अंश यांची पावले पूर्णांकात येतात. पाय अपरिमेय असल्यामुळे रेडियनची कोणतीही पूर्ण संख्या पूर्ण पावलांत कधीच बसणार नाही.

उपाय असा केला की काटा आता कोणत्या पावलावर आहे आणि एकूण कोन किती व्हायला हवा या दोन्ही गोष्टी प्रोग्राममध्ये जपायच्या, प्रत्येक वेळी एकूण कोनाची पावले काढून ती जवळच्या पूर्णांकात घ्यायची, आणि दोहोंतील फरकाएवढेच पुढे जायचे. चूक आता अर्ध्या पावलाच्या पुढे जात नाही आणि साठतही नाही. ४४ आज्ञांनंतर काटा १ अंशावर आला.

२५ ऑक्टोबर

०.१ रेडियनच्या १०,००० आज्ञांची दीर्घ चाचणी रात्रभर चालवली. सकाळी काटा अपेक्षित जागेपासून साडेपाच अंश मागे होता. मी दोन दिवसांपूर्वीचा उपाय फसला असे समजून तोच पुन्हा पुन्हा तपासत राहिलो आणि सकाळचे तीन तास त्यात गेले.

उपाय बरोबर होता, एकूण कोन चुकत होता. येथे दशांश संख्या ३२ बिटांत साठवली जाते आणि तिच्यात साधारण सात सार्थ अंक राहतात. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही, आणि बेरीज शेकड्यात गेल्यावर प्रत्येक नव्या ०.१ चे शेवटचे अंक कापले जातात. दहा हजार वेळा मिळवल्यावर १,००० ऐवजी सुमारे ९९९.९० मिळाले. उरलेले ०.०९७ रेडियन म्हणजेच ते साडेपाच अंश.

आता प्रोग्राम आज्ञा पूर्णांकात मोजतो आणि शेवटी एकदाच ०.१ ने गुणतो. हीच चाचणी दुसऱ्या रात्री पुन्हा चालवली तेव्हा काटा खुणेवर होता.

२९ ऑक्टोबर

काटा साइनच्या आलेखाप्रमाणे ४५ अंश इकडे आणि ४५ अंश तिकडे झुलवायचा होता. काटा झुलण्याऐवजी झटके देत होता. एव्हाना कारण ओळखीचे झाले होते: साइनला अंश दिले गेले होते. ३० ची साइन उणे ०.९८८, ९० ची ०.८९४, १८० ची उणे ०.८०१, म्हणून काटा अर्थहीन जागांवर उडत होता.

तिसऱ्यांदा हीच चूक झाल्यावर तिच्या मुळाशी जायचे ठरवले. रेडियन हे कंसाची लांबी आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर असल्याने त्याला परिमाण नसते. ३० ही संख्या ३० अंश आहे की ३० रेडियन, हे त्या संख्येवर कुठेच लिहिलेले नसते आणि संगणक ते ओळखूही शकत नाही. म्हणून आता प्रोग्राममधील कोनाच्या प्रत्येक नावाला अंश किंवा रेडियन असा शब्द जोडला आहे, आत सर्वत्र रेडियनच वापरले आहेत, आणि अंशांचे रेडियन फक्त एका ठिकाणी, आज्ञा वाचताना, होतात. पावलांत रूपांतरही एकाच ठिकाणी होते. सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये १८० हा आकडा अकरा ठिकाणी होता, आता एकाच ठिकाणी आहे. हे काम सुरुवातीलाच केले असते तर सात ते आठ तास वाचले असते असा माझा अंदाज आहे.

चूक ओळखण्याची एक खूणही या निमित्ताने पक्की झाली. उत्तर अपेक्षेपेक्षा सुमारे ५७ पट मोठे किंवा तेवढ्याच पटीने लहान आले, किंवा कुठे ०.०१७४५ ही संख्या अवेळी दिसली, तर अंश आणि रेडियन यांची अदलाबदल झाली आहे असे समजून आधी तेच तपासावे. ५७.३ चा वर्ग म्हणजे सुमारे ३,२८३ पटीचा फरक दिसला तर रूपांतर उलट दिशेने केलेले असते. हे माझ्या हातून एकदा झाले होते, गुणायच्या जागी भागले गेले होते.

२ नोव्हेंबर

३५० अंशांवरून १० अंशांवर जाताना काटा २० अंश पुढे जाण्याऐवजी ३४० अंश मागे फिरत होता. फरक काढून तो उणे १८० ते १८० च्या दरम्यान आणला की लहान मार्ग मिळतो. हे करताना या प्रोग्रामच्या भाषेत उणे संख्येची बाकी ऋण येते हे ध्यानात ठेवावे: उणे ३० ला ३६० ने भागून बाकी घेतली तर ३३० मिळत नाहीत, उणे ३० च मिळतात. बाकीत ३६० मिळवून पुन्हा बाकी घेतली.

८ नोव्हेंबर

आज सर्व खुणा शाईने पक्क्या केल्या. सहाही रेडियनच्या खुणांवर काटा पाठवून पाहिला. सर्वांत मोठा फरक ५ रेडियनच्या खुणेवर, ०.३ मिलिमीटर, म्हणजे ०.०९ अंश आला. तो मोटरचा आहे की माझ्या जीवेच्या खुणेचा, हे काटा उलट दिशेने त्याच खुणेवर आणून पाहिले. दोन्ही दिशांनी फरक तेवढाच राहिला, म्हणून जीवेची खूण पुसून ती अंशांच्या मापावरून, २८६.४७९ वर, पुन्हा केली.

एकूण ४३ तास लागले, त्यांपैकी सुमारे २० तास चुका शोधण्यात गेले. प्लायवूडची एक चकती वाया गेली.

९ नोव्हेंबर

तबकडीवर ३.१४ ची खूण आणि १८० अंशांची खूण शेजारी शेजारी आहेत, त्यांच्यात ०.३ मिलिमीटरचे अंतर आहे. नीट न पाहिल्यास दोन्ही एकच वाटतात आणि बघणाऱ्याचा समज होतो की पाय म्हणजे ३.१४. म्हणून पायचे भाग, म्हणजे पाय भागिले ६, पाय भागिले ४, पाय भागिले ३, पाय भागिले २ आणि पाय, या खुणा लाल शाईने वेगळ्या केल्या. त्या अंशांच्या ३०, ४५, ६०, ९० आणि १८० या खुणांच्या बरोबर समोर येतात, तर ३.१४ ची काळी खूण लाल खुणेच्या अलीकडे, अगदी बारीक पण स्पष्ट फट ठेवून उभी आहे.